‘लागलं तर असू दे’चं वजन

मी पार्सलच्या बुकिंग काउंटरवर बसतो. २२ वर्षं झाली. समोरच्या माणसाने खोकं पुढे सरकवलं की काट्यावर आकडा उमटायच्या आत माझा अंदाज झालेला असतो, आणि तो चुकलाच तर शंभर-दीडशे ग्रॅमने. असा माणूस ४६व्या वर्षी पहिल्यांदा तीन दिवसांच्या डोंगरवाटेला निघाला आणि त्याने स्वतःची सॅक काट्यावर ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका चढावर माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. माझ्या जोडीदाराने निमूटपणे माझा तंबू काढून स्वतःच्या सॅकला बांधला. तो काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

घरी आल्यावर सॅक काट्यावर टांगली. शिधा संपलेला, बाटल्या रिकाम्या, तरी १७.४ किलो. माझं वजन ६८.

तुम्ही हलक्या सॅकने चालायला सुरुवात करणार असाल, तर माझं सांगणं असं की काहीही विकत घ्यायच्या आधी मी त्या संध्याकाळी जे केलं ते करा. जमिनीवर चादर अंथरा, सॅक पूर्ण उलटी करा आणि तीन ढीग लावा. रोज वापरलं ते पहिल्या ढिगात. वापरलं नाही, पण पुढच्या वेळीही न्यावंच लागेल, म्हणजे औषधं, पावसाचा कोट, शिट्टी, असं सगळं दुसऱ्यात. वापरलं नाही आणि का नेलं तेही सांगता येत नाही, ते तिसऱ्यात. अजून एकदाही गेला नसाल तर न्यायच्या सामानाचेच ढीग लावा. तिसरा ढीग जरा प्रामाणिकपणे ओळखावा लागेल, इतकंच.

माझा तिसरा ढीग ५.१ किलोचा निघाला. जास्तीची जीन्स. दोन टॉवेल, त्यातला एक अंघोळीचा. दाढीचं सामान. टूथपेस्टची नवी कोरी मोठी ट्यूब. ४८० पानांचं पुस्तक, ज्याची मी ११ पानं वाचली. स्टीलचं ताट, दोन वाट्या. अकरा हत्यारांचा चाकू, ज्याने मी एक पाकीट फाडलं. संध्याकाळी घालायला वेगळे बूट. यातली प्रत्येक वस्तू सॅकमध्ये जाताना मी एकच वाक्य म्हणालो होतो: लागलं तर असू दे.

काउंटरवर मी दिवसभर लोकांना विचारतो, ‘आत काय आहे?’ आणि उत्तर लिहून घेतो. स्वतःला विचारायचं राहून गेलं होतं.

काटा, वही आणि एक आकडा

स्वयंपाकघरात वापरतात तसला, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. भरलेल्या सॅकसाठी हुकाचा टांगता काटा सोयीचा. नसेल तर माणसाच्या काट्यावर सॅक घेऊन आणि सॅक न घेता उभं राहा आणि वजाबाकी करा. वहीत प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिहायची. ‘किरकोळ’ अशी ओळ वहीत येऊ द्यायची नाही. माझ्या पहिल्या यादीत ‘किरकोळ’ होतं आणि ते ९०० ग्रॅम भरलं.

या छंदातले लोक ‘बेस वेट’ मोजतात. म्हणजे भरलेल्या सॅकमधून अन्न, पाणी आणि इंधन वजा केल्यावर उरतं ते. अंगावरचे कपडे आणि पायातले बूट यात धरत नाहीत. कारण सरळ आहे: शिधा किती दिवसांचा आणि पाणी कुठे मिळणार यावर ते वजन प्रत्येक वाटेला बदलतं, पण तंबू-बिछाना तेवढाच राहतो. दोन माणसांच्या सॅकची किंवा तुमच्याच दोन प्रवासांची तुलना करायची तर हाच आकडा कामाचा. साधारण संकेत असा की बेस वेट ९ किलोच्या खाली आलं की सॅक हलकी, आणि साडेचार किलोच्या खाली गेलं की अतिहलकी. हे आकडे असे आडवेतिडवे का, तर मुळात ते २० आणि १० पौंड आहेत. गॅसच्या रिकाम्या डब्याचं वजन इंधनात धरायचं की सामानात, यावर लोक तासन् तास वाद घालतात. तुम्ही घालू नका.

साडेचारच्या मागे सुरुवातीला लागू नका. तो खेळ ज्यांना थंडी-पावसाचा अंदाज बसला आहे त्यांचा. नवख्याने आधी ९ गाठावेत. एकूण भार, म्हणजे अन्नपाण्यासकट, स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहिला तर चालणं चालण्यासारखं वाटतं. मी चौथा हिस्सा ओलांडून निघालो होतो, तोही परतीच्या वजनाने.

माझा १७.४ चा प्रवास कसा झाला तो हिशेब सांगतो, म्हणजे पैसे कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत ते कळेल. तिसरा ढीग घरी ठेवला, ५.१ किलो गेले, खर्च शून्य. बारीकसारीक वस्तू बदलल्या, ओतून लहान केल्या, कापल्या, १.३ किलो गेले, खर्च नगण्य. राहिले ११. त्यातले ४.७ किलो तंबू, बिछाना आणि सॅक बदलून गेले. त्याला दोन वर्षं लागली आणि खिसाही बऱ्यापैकी हलका झाला. आज मी ६.३ वर आहे.

म्हणजे निम्म्याहून जास्त वजन फुकट उतरलं. दुकानात जाण्याआधी हे एकदा लक्षात घ्या.

हलकेपणाची गोष्ट निघाली की गेटवुड आजींचं नाव निघतंच. एमा गेटवुड १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतली अॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकट्या चालून गेल्या. खांद्याला स्वतः शिवलेली डेनिमची झोळी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. हे ऐकून लोक लगेच तंबू विकायला काढतात. पण आदल्याच वर्षी आजींनी दुसऱ्या टोकाकडून ही वाट धरली होती, आणि वाट चुकून, चष्मा मोडून त्यांना परत फिरावं लागलं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. झोळी हलकी होती ती दुसऱ्या खेपेची.

सॅक सगळ्यात शेवटी

मी उलटं केलं होतं. सगळ्यात आधी ७५ लिटरची सॅक घेतली. रिकामी जागा दिसली की हात गप्प बसत नाही. ती सॅक भरेपर्यंत मी भरत राहिलो. नुसती सॅक २.४ किलोची होती.

आधी तंबू आणि बिछाना ठरवा, मग सॅक. माप काढायची माझी युक्ती आमच्या धंद्यातली आहे. आमच्याकडे मोठ्या पण हलक्या खोक्याला आकारमानाचं वजन लावतात, म्हणून लांबी-रुंदी-उंची मोजायची सवय हाताला आहे. सगळं सामान, तीन दिवसांच्या शिध्यासकट, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात दाबून न बसवता भरा. सेंटिमीटरमध्ये तिन्ही मापं घ्या, गुणाकार करा, १००० ने भागा; आले ते लिटर. माझं खोकं ४० बाय ३० बाय ३५ निघालं, म्हणजे ४२ लिटर. तेव्हा मी ४५ लिटरची सॅक घेतली, ८५० ग्रॅमची.

पाठीचं मापही घ्या. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप लावायची. सॅकचा आकार लिटरवर ठरतो, पण ती अंगाला बसते या मापावर. कमरपट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, कारण बहुतेक भार तिथेच उतरवायचा असतो. खांद्यांचे पट्टे सॅक मागे पडू नये म्हणून. फ्रेम नसलेल्या, पाचसहाशे ग्रॅमच्या सॅक मोहात पाडतात. एकूण भार ८-९ किलोच्या आत असेल तर त्या सुखाच्या. त्याच्या वर गेलात की त्या पाठीवर पोत्यासारख्या लोंबतात. पहिली सॅक फ्रेमवाली घ्या.

तंबू

माझा पहिला तंबू दोघांचा, घुमटाकार, ३.२ किलो. आता १.२ किलोचा आहे. पण त्याच्या आधी मधली पायरी होती, आणि ती तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवी: दोघांनी मिळून एक तंबू नेणे. एकाने कापड, दुसऱ्याने काठ्या आणि खुंट्या. ३.२ चे १.६ झाले. हलकं होण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही, फक्त जोडीदार घोरणारा नसावा.

चालताना हातात काठ्या घेत असाल तर त्याच काठ्यांवर उभे राहणारे तंबू मिळतात. तंबूच्या काठ्यांचं वजन वाचतं. ते ताणावर उभे राहतात, म्हणून कडक किंवा रेताड जमिनीत खुंटी बसली नाही की अडचण होते. घराजवळच्या मोकळ्या जागेत दहा वेळा लावून पाहा, एकदा तरी अंधारात. कापडाचंही पाहा: सिलिकॉन लावलेलं नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, झोपण्याआधी एकदा उठून ताण द्यावा लागतो, पॉलिएस्टर बरंच कमी ताणतं.

एकपदरी तंबू हलका, पण श्वासाची वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन लागते. पहाटे डोकं टेकलं की केस ओले. उपाय दोन: वारा खेळता ठेवायचा, आणि जागा नीट निवडायची. पाण्याच्या अगदी काठाला किंवा खोलगट भागात लावला तर थंड, दमट हवा तिथेच साचते. चार पावलं वर, झाडाखाली लावला तर फरक पडतो. झाडाखाली लावण्याआधी वर पाहा. वाळकी फांदी लोंबत असेल तर दुसरं झाड शोधा.

बिछाना, आणि मी कुठे शेफारलो

पहिल्या वर्षी अकरा किलोवर आलो आणि डोक्यात हवा गेली. प्रत्येक ग्रॅममागे लागलो. फोमची मॅट कापून गुडघ्यापर्यंतची केली. १.९ किलोची स्लीपिंग बॅग घरी ठेवून उन्हाळी, पातळ बॅग नेली. अंदाज रात्री ९ अंशांचा होता. पण तो पायथ्याच्या गावाचा होता आणि आम्ही जवळजवळ ८०० मीटर वर होतो. उंची वाढली की १०० मीटरमागे साधारण अर्धा-पाऊण अंश कमी होतो, हे मला शाळेपासून माहीत होतं. रात्री दोनपासून उजाडेपर्यंत मी सगळे कपडे चढवून, पाय रिकाम्या सॅकमध्ये घालून बसून काढले. जोडीदार या वेळीही काही बोलला नाही.

त्या रात्रीने शिकवलेलं असं. थंडी वरून जितकी लागते, त्याहून जास्त खालून खेचली जाते. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये हवा उरत नाही, त्यामुळे ती तिथे जवळपास निरुपयोगी असते. जमिनीपासून तुम्हाला वाचवते ती मॅट. मॅटवर ‘आर व्हॅल्यू’ लिहिलेली असते, ती उष्णता किती अडते याचं माप. साध्या घडीच्या फोम मॅटची २ च्या आसपास असते, उबदार रात्रींना ती पुरते. रात्र शून्याकडे झुकणार असेल तर ३-४ तरी हवी, बर्फावर ५ च्या पुढे. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते, म्हणून थंडीत जुनी फोम मॅट फेकून द्यायची नाही, फुगवायच्या मॅटखाली घालायची. फुगवायची मॅट मऊ आणि लहान, पण तिला काटा लागतो; ठिगळाचा संच तिच्याबरोबरच राहू दे. फोमला काही होत नाही. माझी ४१० ग्रॅमची फोम मॅट चढाच्या मध्ये बसायलाही काढता येते, म्हणून माझा जीव तिच्यावर.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. खरेदी ‘कम्फर्ट’च्या आकड्यावर करायची. ‘लिमिट’ म्हणजे अंग मुडपून कशीबशी रात्र निघेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल, झोप विसरा. विकणारा मोठ्या अक्षरात कोणता आकडा लिहितो ते तुम्ही ओळखलं असेलच. भरण पिसांचं असेल तर ऊब जास्त, वजन कमी, घडीही लहान. पण भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम भरण जड, पण ओलं झालं तरी थोडंफार काम देतं. पिसांच्या बॅगवर ‘फिल पॉवर’ असते, ५५० पासून ९०० पर्यंत. आकडा जितका मोठा तितक्याच उबेला पिसं कमी लागतात. मी मधलं घेतलं, ९५० ग्रॅमची बॅग. अनेक जण पाठीकडची बाजूच नसलेली रजईसारखी क्विल्ट वापरतात, कारण पाठीखालचं भरण तसंही दबून वाया जातं. तर्क पटतो. पण मी झोपेत कूस बदलणारा माणूस, रात्रभर फटीतून वारा येत राहतो, म्हणून परत बॅगवर आलो.

कपडे आणि पाय

इथे मी थोडक्यात सांगतो, कारण नियम छोटा आहे: चालायचा एक जोड अंगावर, झोपायचा एक कोरडा जोड सॅकमध्ये, एक ऊबदार जाकीट, एक पावसाचं. तीन दिवस असो की आठ, यादी तीच. माणूस घामाने वास मारतो, त्याने कोणी मरत नाही. सुती मात्र नको. सूत घाम धरून ठेवतं, वाळत नाही, आणि वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर किंवा कृत्रिम धागा बरा. झोपायचा कोरडा जोड कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही. सकाळी ओले, गार कपडे पुन्हा अंगावर चढवणं हा या छंदातला सर्वांत वाईट मिनिट आहे, पण तो एकच मिनिट असतो.

मोज्यांचे दोन जोड चालायला, एक झोपायला. पायावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कित्येक पट दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. सॅक हलकी झाली की घोट्यापर्यंतच्या जड चामडी बुटांची गरजही बहुतेक वाटांवर उरत नाही. पळायचे, खाचदार तळाचे बूट चालतात, आणि भिजले तर लवकर वाळतात. अर्धा माप मोठे घ्या, दिवसभर चालून पाय सुजतात. पायात कुठेही गरम, घासल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा. ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हटलं की फोड आलाच.

पाणी, शिधा, चूल

पाणी हे सॅकमधलं सगळ्यात जड सामान, एक लिटरला एक किलो, आणि त्यात कोणतंही तंत्रज्ञान काही करू शकत नाही. करता येतं ते एवढंच: नकाशावर पाण्याच्या जागा आधी शोधायच्या, त्यातल्या कोणत्या त्या ऋतूत वाहतात ते तिथल्या माणसांना विचारायचं, आणि पाणवठ्यावर पोटभर पिऊन पुढच्या पाणवठ्यापुरतंच भरायचं. मी पहिल्यांदा चार लिटर घेऊन चार वेळा ओढा ओलांडला. बाटलीही बघा. साधी पातळ प्लास्टिकची लिटरची बाटली तीसेक ग्रॅम, स्टीलची त्याच्या कित्येक पट.

वाटेतलं पाणी शुद्ध करूनच प्यायचं, तिथे हलकेपणा नाही. दाबून पाणी गाळायचे पोकळ धाग्यांचे फिल्टर शंभर ग्रॅमच्या आसपास असतात. जिवाणू आणि परजीवी अडवतात, विषाणू अडवत नाहीत. वस्ती किंवा गुरं वरच्या अंगाला असतील तर गाळून वर क्लोरीन डायऑक्साइडची गोळी टाका आणि वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबा. किंवा सरळ उकळा: खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. एक गोष्ट कोणी सांगत नाही: ओला फिल्टर गोठला की आतले धागे फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. थंड रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. मोबाइलही, कारण गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

शिध्यात लोक दोन्हीकडे चुकतात. दिवसाला ६०० ते ८०० ग्रॅम कोरडा शिधा बहुतेकांना पुरतो. वजन कमी करायचं असेल तर प्रमाण नाही, पदार्थ बदला. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, पिष्ट आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४. म्हणून शेंगदाणे, बदाम, तेलाची छोटी बाटली सॅकमध्ये फायद्यात. ताजी फळं, डबाबंद अन्न तोट्यात, कारण ते बहुतांशी पाणी असतं. घरीच सगळी खोकी-पाकिटं फोडून एकेका जेवणाची पिशवी बांधा, वर दिवस आणि वेळ लिहा. माझ्या पिशव्यांवर पत्त्याची चिठ्ठी असते तशी चिठ्ठी असते; मुलगी हसते. शेवटी एक जेवण जास्तीचं. हे ‘असू दे’ मला मान्य आहे.

चुलीचा पसारा मी एक भांडं, एक चमचा, स्क्रू करून बसणारा छोटा बर्नर आणि १०० ग्रॅम गॅसच्या डब्यावर आणला. भरलेला डबा साधारण २०० ग्रॅम भरतो. वारा नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळायला आठेक ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे दोन दिवसांच्या चहा-जेवणाला एक डबा उरून राहतो. भांड्यावर झाकण ठेवा आणि वाऱ्याला आडोसा करा, पण डब्याला चहूबाजूंनी वेढू नका, तो तापतो. कडाक्याच्या थंडीत निव्वळ ब्यूटेनचा डबा रुसतो, कारण ब्यूटेन शून्याच्या जरासं खालीच द्रवरूप राहायला लागतो. तेव्हा मिश्र गॅसचा घ्यावा. आणि बाहेर कितीही पाऊस असो, बंद तंबूत चूल पेटवायची नाही. आगीचं तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तिसऱ्या ढिगात कधीच जाऊ नये असं

हलकेपणाच्या नादात लोक नेमकं हे काढतात, कारण ते कधी ‘वापरलं’ जात नाही. हेडटॉर्च. शिट्टी. कागदी नकाशा आणि होकायंत्र, मोबाइलमध्ये नकाशा असला तरी. पट्ट्या, चिकटपट्टी, वेदनाशामक, जुलाबाचं औषध, स्वतःची रोजची औषधं. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत. चमकती आपत्कालीन चादर, जी साठेक ग्रॅमची असते. पावसाचं जाकीट, आभाळ निरभ्र असलं तरी. माझा हा गठ्ठा सगळा मिळून, जाकीट सोडून, ५२० ग्रॅम भरतो आणि त्याला मी कात्री लावत नाही.

बाकी बारक्या वस्तूंवर कात्री चालवा. टूथपेस्ट बोटभर डबीत. साबण नखाएवढा. मलम स्ट्रॉच्या तुकड्यात भरून दोन्ही तोंडं तापवून दाबलेलं. टॉवेल रुमालाएवढा. शौचासाठी खड्डा खणायला हलकी कुदळी मात्र ठेवा: पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर दूर, १५-२० सेंटिमीटर खोल, नंतर माती ओढायची. टूथब्रशचा दांडा कापायचा की नाही, यावर मला रोज विचारलं जातं. मी कापला. ४ ग्रॅम वाचले. त्यानंतर दोन वर्षं दात घासताना हात तोंडात जातो.

भरणं आणि पहिली रात्र

सॅकवर घालायचं पावसाचं कव्हर मी सोडलं. वाऱ्याने उडतं आणि पाठीकडून पाणी शिरतंच. त्याऐवजी सॅकच्या आत एक जाड, मोठी प्लास्टिकची पिशवी घालायची, तोंड पिळून दुमडायचं. आतलं काही भिजत नाही. तळाशी स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे. मध्ये, पाठीला अगदी चिकटून, जड सामान म्हणजे शिधा. वर जाकीट आणि औषधं. ओला तंबू पिशवीच्या बाहेर. पाणी आणि दुपारचं खाणं हाताला लागेल अशा बाजूच्या खिशात. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते आणि १० किलो १३ वाटतात. पार्सलच्या गाडीत माल लावणाऱ्या कोणालाही विचारा.

पहिली खेप एका रात्रीची ठेवा. ओळखीची वाट, बऱ्या हवेचे दिवस, आणि दोन तासांत वस्तीला पोचता येईल असा मुक्काम. कुठे जातोय, कधी परत येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे घरी लिहून ठेवा. चुकायचंच असेल तर अशा ठिकाणी चुकावं, जिथे चूक म्हणजे फक्त एक वाईट रात्र असेल. परत आल्यावर सॅक जागेवर ठेवू नका. चादर, ढीग, काटा, वही.

मागच्या महिन्यात मी तीन दिवसांसाठी निघालो तेव्हा शिधा, दीड लिटर पाणी आणि गॅस धरून सॅक १०.१ किलो भरली. परत आल्यावर चादरीवर तिसऱ्या ढिगात तीनच वस्तू होत्या: जास्तीची एक दोरी, पेन्सिल आणि २१० ग्रॅमची घडीची छत्री. दोरी आणि पेन्सिल काढून टाकली. छत्रीवर घरात अजून एकमत नाही. पाऊस आला नाही म्हणून ती तिसऱ्या ढिगात, असं मी म्हणतो. बायको म्हणते, अहो, दुपारी उन्हात तुम्ही ती डोक्यावर धरली होती, फोटोत दिसतेय.